एचआयव्हीचा भारतातील पहिला पुरावा शोधणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन

भारतात एचआयव्ही या विषाणूचे अस्तित्व सर्वप्रथम सिद्ध झाले ते १९८६ साली, मद्रासमध्ये. ज्यांच्या मार्गदर्शनाखाली हे निदान झाले त्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डॉ. सुनीती सॉलोमन माहेरच्या गायतोंडे. मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या एका महाराष्ट्रीय व्यापारी कुटुंबात त्यांचा जन्म झाला होता. निदान करून त्या थांबल्या नाहीत. ज्या रुग्णांना स्पर्श करण्यासही त्या काळी अनेक डॉक्टर कचरत, त्यांच्यावरील उपचारांसाठी त्यांनी सरकारी महाविद्यालयातील नोकरी सोडून स्वतंत्र संस्था उभारली आणि उर्वरित आयुष्य त्याच कामाला दिले. २८ जुलै २०१५ रोजी चेन्नईत त्यांचे निधन झाले. त्याला आता दहा वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. या विषाणूविषयीचे ज्ञान आणि त्यावरील औषधे मधल्या काळात पुष्कळ पुढे गेली असली, तरी भारतातील या लढ्याचा आरंभ त्यांच्या नावाशीच जोडलेला आहे.

चेन्नईच्या दक्षिण भागात जुन्या महाबलीपुरम रस्त्याने निघाले की प्रथम तरमणी आणि त्याला लागून पेरुंगुडी लागते. आज हा परिसर माहिती तंत्रज्ञान कंपन्यांच्या उंच इमारतींसाठी ओळखला जातो. मात्र २०११ साली चेन्नई महानगरपालिकेत समाविष्ट होईपर्यंत पेरुंगुडी ही पळ्ळिकरणैच्या दलदलीकाठची स्वतंत्र नगरपंचायत होती. तरमणी येथील व्हॉलंटरी हेल्थ सर्व्हिसेस या धर्मादाय रुग्णालयाच्या आवारात डॉ. सॉलोमन यांच्या संस्थेचे रुग्णसेवा केंद्र चालत असे. शहरातून, तमिळनाडूच्या दूरच्या जिल्ह्यांतून आणि शेजारच्या राज्यांतून येणारे हजारो रुग्ण या केंद्राच्या पायऱ्या चढले. त्यांपैकी अनेकांनी आपल्या आजाराचे नाव घरातही उच्चारलेले नव्हते.

बालपण आणि शिक्षण

सुनीती गायतोंडे यांचा जन्म १९३० च्या दशकाच्या अखेरीस झाला. कुटुंबाचा चामड्याचा व्यापार होता. आठ भावंडांत त्या सातव्या आणि एकुलती एक मुलगी. त्या काळी देवीच्या रोगाची लस टोचण्यासाठी आरोग्य अधिकारी दरवर्षी घरी येत असत. या भेटींमुळेच त्यांना वैद्यकशास्त्राची ओढ लागली, असे त्यांच्या चरित्रविषयक नोंदींत आढळते.

देवी हा विषाणूजन्य रोग होता. लसीमुळे शरीराच्या संरक्षण यंत्रणेला विषाणूची आगाऊ ओळख करून दिली जाते, आणि पुढे प्रत्यक्ष विषाणू शिरल्यास ती यंत्रणा त्याला वेळीच रोखते. याच तत्त्वावर राबवलेल्या मोहिमेमुळे भारतातील देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली नोंदला गेला आणि १९८० साली हा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. डॉ. सॉलोमन यांना पुढे ज्या विषाणूशी झुंजावे लागले, त्यावर मात्र आजपर्यंत यशस्वी लस तयार होऊ शकलेली नाही.

त्यांनी मद्रास मेडिकल कॉलेजमध्ये वैद्यकीय शिक्षण घेतले. तेथेच त्यांची भेट व्हिक्टर सॉलोमन यांच्याशी झाली. हृदय व छातीच्या शस्त्रक्रियेतील तज्ज्ञ असलेले व्हिक्टर ख्रिस्ती होते आणि सुनीती हिंदू. दोघांनी विवाह केला. त्यानंतर काही वर्षे या दांपत्याने ब्रिटन, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात काम केले. तेथे सुनीती यांनी विकृतिशास्त्राचे प्रशिक्षण घेतले. आपल्या सेवेची गरज भारतात अधिक आहे या विचाराने १९७३ साली त्या मद्रासला परतल्या. सूक्ष्मजीवशास्त्रात उच्च पदवी मिळवून त्यांनी मद्रास मेडिकल कॉलेजमध्ये अध्यापन सुरू केले आणि पुढे त्या प्राध्यापक झाल्या.

जिवाणू आणि विषाणू

सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला सर्वप्रथम शिकवला जातो तो जिवाणू आणि विषाणू यांतील भेद. डॉ. सॉलोमन यांचे पुढील कार्य समजून घेण्यासाठीही तो ध्यानात घ्यावा लागतो.

जिवाणू हा एका पेशीचा, पण स्वयंपूर्ण सजीव असतो. त्याला स्वतःचे आवरण असते, अन्नापासून ऊर्जा मिळवण्याची आणि प्रथिने बनवण्याची सोय असते. अनुकूल परिस्थिती मिळाली की तो स्वतःचे दोन भाग करून वाढतो. आतड्यात आढळणारे काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. क्षयाच्या जिवाणूला त्यासाठी पंधरा ते वीस तास लागतात. क्षयाच्या जिवाणूची लांबी एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन ते चारपट असते आणि त्याच्याजवळ सुमारे चार हजार जनुके असतात. बहुसंख्य जिवाणू निरुपद्रवी असतात आणि कित्येक उपयोगी. दुधाचे दही होते ते जिवाणूंमुळेच. रोगकारक जिवाणूंवर प्रतिजैविके चालतात, कारण ती जिवाणूच्या आवरणावर किंवा त्याच्या अंतर्गत यंत्रणेवर घाव घालतात.

विषाणूची गोष्ट वेगळी आहे. त्याला पेशी नसते. प्रथिनांच्या वेष्टनात गुंडाळलेला आनुवंशिक मजकूर, एवढेच त्याचे स्वरूप. सजीव पेशीच्या बाहेर तो खात नाही, वाढत नाही, की स्वतःची प्रत काढू शकत नाही. योग्य पेशी सापडताच तो आत शिरतो आणि त्या पेशीच्याच यंत्रणेकडून आपल्या प्रती तयार करून घेतो. एचआयव्हीचा आकार क्षयाच्या जिवाणूच्या लांबीच्या वीस ते चाळीसाव्या हिश्श्याएवढा असतो आणि त्याच्याजवळ जनुके असतात अवघी नऊ. विषाणूजवळ स्वतःची अशी यंत्रणाच नसल्याने प्रतिजैविके त्याच्यावर निष्प्रभ ठरतात. सर्दीवर प्रतिजैविक घेऊ नये असे डॉक्टर सांगतात, त्यामागचे कारण हेच.

एचआयव्हीचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. मानवी पेशीत आनुवंशिक माहिती डीएनएच्या रूपात असते आणि तिच्यावरून आरएनए तयार होतो. हा विषाणू मात्र आरएनएपासून डीएनए बनवतो आणि तो मानवी पेशीच्या मूळ डीएनएमध्ये गुंफून टाकतो. एकदा ही गुंफण झाली की ती पेशी विषाणूची दडण्याची जागा होते. शिवाय प्रत काढताना या विषाणूच्या हातून वारंवार चुका होतात, त्यामुळे त्याची रूपे सतत बदलत राहतात. लस तयार करण्यात आलेल्या अपयशाचे हे एक प्रमुख कारण आहे.

१९८६ : सहा नमुने

१९८१ साली अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे पाच तरुणांना एक विरळा न्यूमोनिया झाल्याची नोंद प्रसिद्ध झाली. निरोगी माणसाला सहसा न होणारा हा आजार होता. पुढे या व्याधीला एड्स हे नाव मिळाले. १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाज बारे-सिनुसी आणि ल्यूक मॉन्तान्ये यांच्या गटाने तिच्या मुळाशी असलेला विषाणू शोधला. या शोधासाठी दोघांना २००८ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले. १९८५ साली रक्तातील विषाणूविरोधी प्रतिपिंडे ओळखणारी एलायझा चाचणी अमेरिकेत उपलब्ध झाली.

डॉ. सॉलोमन हे संशोधन वाचत होत्या. भारतात मात्र हा आजार परदेशी समजला जात होता. येथील कुटुंबव्यवस्था आणि सामाजिक बंधने यांमुळे तो आपल्याकडे येणार नाही, अशी समजूत शासनातील आणि वैद्यकीय क्षेत्रातील अनेकांची होती. मुंबईत काही रक्तनमुन्यांची तपासणी झाली होती, पण त्यात विषाणू आढळला नव्हता. विषाणूला देशाच्या सीमा आणि समाजाच्या चालीरीती कळत नाहीत, हे सूक्ष्मजीवशास्त्राच्या या प्राध्यापिकेला ठाऊक होते. डॉ. सेल्लप्पन निर्मला या त्यांच्या विद्यार्थिनीला प्रबंधासाठी विषय हवा होता. एड्सची पाहणी हा विषय डॉ. सॉलोमन यांनी तिला सुचवला.

काम सोपे नव्हते. त्या काळी मुंबईप्रमाणे मद्रासमध्ये देहविक्रयाची ठरावीक वस्ती नव्हती. निर्मला यांनी सरकारी रुग्णालयात गुप्तरोगांवरील उपचारांसाठी येणाऱ्या महिलांशी ओळख वाढवली आणि नंतर सुधारगृहात ठेवलेल्या महिलांपर्यंत त्या पोहोचल्या. हातमोजे किंवा सुरक्षेची इतर साधने नसतानाही त्यांनी सुमारे तीन महिने रक्ताचे नमुने गोळा केले. पुरेशी सोय नसल्याने रक्तापासून वेगळा काढलेला द्रव त्यांनी घरच्या फ्रीजमध्ये ठेवला.

मद्रासमध्ये एलायझा चाचणीची सोय नव्हती. म्हणून डॉ. सॉलोमन यांनी सुमारे १४० किलोमीटर अंतरावरील वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये तपासणीची व्यवस्था केली. तेथील विषाणूशास्त्र विभागाचे प्रमुख डॉ. टी. जेकब जॉन यांनी सहकार्य दिले. फेब्रुवारी १९८६ मध्ये निर्मला आणि त्यांचे पती बर्फाच्या पेटीत नमुने ठेवून रात्रीच्या रेल्वेने वेल्लोरकडे निघाले.

एलायझा चाचणीत विषाणूची प्रथिने लावलेल्या छोट्या खळग्यांत रक्तातील द्रव घातला जातो. त्या व्यक्तीच्या शरीराने विषाणूविरुद्ध प्रतिपिंडे तयार केलेली असतील, तर ती प्रथिनांना चिकटतात आणि पुढील रासायनिक क्रियेत खळगा पिवळा होतो. वेल्लोरच्या प्रयोगशाळेत सहा खळगे पिवळे झाले. निष्कर्ष इतका अनपेक्षित होता की तो लगेच जाहीर करण्यात आला नाही. संबंधित महिलांचे रक्त पुन्हा घेण्यात आले आणि नमुने अमेरिकेत पाठवण्यात आले. तेथील अधिक काटेकोर चाचणीतही तोच निष्कर्ष निघाला. त्यानंतर ही माहिती भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेला आणि सरकारला कळवण्यात आली. मे १९८६ मध्ये तमिळनाडूचे आरोग्यमंत्री एच. व्ही. हंडे यांनी विधानसभेत ती जाहीर केली.

या घटनेची एक बाजू बराच काळ चर्चेबाहेर राहिली. ज्या महिलांच्या रक्तातून देशाला ही माहिती मिळाली, त्यांना कोणत्या रोगासाठी रक्त घेतले जात आहे हे सांगितलेले नव्हते. तशी पद्धत तेव्हा रूढ नव्हती. २०१७ साली संसदेने संमत केलेल्या कायद्यानुसार आता पूर्वकल्पना आणि संमती यांशिवाय एचआयव्हीची चाचणी करता येत नाही.

शरीरात काय घडते

एचआयव्हीचा मारा शरीराच्या संरक्षण यंत्रणेवरच असतो. रक्तातील पांढऱ्या पेशींमध्ये सीडी-४ नावाच्या पेशी असतात. कोणताही जंतू शरीरात शिरल्यावर इतर संरक्षक पेशींना कामाला लावण्याचे कार्य त्या करतात. विषाणू नेमका याच पेशींत शिरतो. निरोगी माणसाच्या एक घनमिलिमीटर रक्तात साधारणतः ५०० ते १५०० सीडी-४ पेशी असतात. संसर्गानंतर ही संख्या हळूहळू घटते. ती २०० च्या खाली गेली की रुग्णाला एड्स झाला असे मानले जाते. उपचार न घेतल्यास या टप्प्यापर्यंत येण्यास बहुधा आठ ते दहा वर्षे लागतात. या संपूर्ण काळात रुग्ण बाहेरून निरोगी दिसू शकतो, आणि नकळत इतरांना संसर्गही देऊ शकतो.

रुग्णाचा मृत्यू ओढवतो तो बहुधा अन्य जंतूंमुळे. भारतात यात क्षयाचा क्रमांक पहिला आहे. क्षयाचे जिवाणू देशातील कोट्यवधी लोकांच्या शरीरात निद्रिस्त अवस्थेत असतात. संरक्षक पेशी त्यांना एक प्रकारे कोंडून ठेवतात, त्यामुळे बहुतेकांना आयुष्यभर काहीच त्रास होत नाही. एचआयव्हीने या पेशी नष्ट केल्या की कोंडलेले जिवाणू मोकळे होतात. नऊ जनुकांचा विषाणू अशा रीतीने चार हजार जनुकांच्या जिवाणूला वाट करून देतो. त्यामुळे भारतातील एड्सचा डॉक्टर हा क्षयाचाही डॉक्टर असावा लागतो. डॉ. सॉलोमन यांच्या संस्थेतील संशोधनाचा मोठा भाग दक्षिण भारतातील एचआयव्ही रुग्णांना जडणाऱ्या अशाच संधिसाधू आजारांविषयी होता.

हा विषाणू रक्त, वीर्य, योनिस्राव आणि आईचे दूध यांतूनच पसरतो. शरीराबाहेर तो फार काळ तग धरत नाही. स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने, खोकल्याने किंवा डास चावल्याने तो पसरत नाही. १९८० च्या दशकातच हे विज्ञानाला ठाऊक झाले होते, पण समाजापर्यंत ते पोहोचण्यास बरीच वर्षे जावी लागली.

आजाराहून मोठी भीती

या विलंबाची किंमत रुग्णांनी मोजली. गोव्यात १९८९ साली डॉमिनिक डिसोझा या तरुणाने केलेल्या रक्तदानातून त्याला संसर्ग असल्याचे उघड झाले. पोलिसांनी त्याला ताब्यात घेतले आणि म्हापसा येथील क्षयरोग्यांच्या जुन्या रुग्णालयात ६४ दिवस एकट्याला कोंडून ठेवले. संसर्ग झालेल्यांना सक्तीने वेगळे ठेवण्याची तरतूद तेव्हा गोव्याच्या कायद्यात होती. डिसोझा यांनी या अन्यायाविरुद्ध आवाज उठवला. १९९२ साली त्यांचे निधन झाले.

देशभरात रुग्णांना रुग्णालयांतून परत पाठवले जात होते. शस्त्रक्रिया नाकारल्या जात होत्या, कामावरून काढले जात होते. खुद्द डॉ. सॉलोमन यांच्या घरातही सुरुवातीला काळजी होती. त्यांनी या रुग्णांमध्ये काम करू नये, असे त्यांच्या पतींना वाटत होते. रुग्णांच्या हकिकती समजून घेतल्यावर कुणीही त्यांच्याकडे पाठ फिरवू शकणार नाही, अशी डॉ. सॉलोमन यांची धारणा होती, आणि त्या मागे हटल्या नाहीत.

१९८८ साली त्यांनी मद्रास मेडिकल कॉलेजमध्ये एड्सविषयी माहिती, चाचणी आणि समुपदेशन करणारा गट सुरू केला. अशा प्रकारचा तो देशातील पहिलाच गट मानला जातो. तेथे येणाऱ्यांची संख्या वाढत गेली, तशी सरकारी चौकटीत या कामाला पडणारी मर्यादाही त्यांच्या लक्षात आली. चाचणीचा निकाल सांगून रुग्णाला घरी पाठवणे पुरेसे नव्हते. त्याला क्षयाचे औषध हवे होते, पत्नीची तपासणी हवी होती, मुलाची शाळा टिकायला हवी होती, आणि हे सारे गुप्त राहील याची खात्रीही हवी होती.

वडिलांच्या नावाची संस्था

१९९३ साली त्यांनी सरकारी सेवेबाहेर पडून एड्स संशोधन व शिक्षणासाठी संस्था स्थापन केली आणि तिला आपल्या वडिलांचे, वाय. आर. गायतोंडे यांचे नाव दिले. वाय. आर. जी. केअर या नावाने ती देशविदेशात परिचित झाली. मराठी वाचकाला ओळखीचे वाटणारे एक आडनाव अशा प्रकारे तमिळनाडूतील हजारो कुटुंबांच्या जीवनाशी जोडले गेले. शाळा-महाविद्यालयांतील तरुणांना माहिती देणे, चाचणी व समुपदेशन, बाह्यरुग्ण सेवा, रुग्णालयातील उपचार आणि संशोधन ही सारी कामे संस्थेने टप्प्याटप्प्याने हाती घेतली.

रुग्णांच्या नोंदींतून हळूहळू एक अस्वस्थ करणारे चित्र पुढे आले. संस्थेत येणाऱ्या बाधित महिलांमध्ये बहुसंख्य गृहिणी होत्या, आणि पतीखेरीज अन्य कोणाशीही त्यांचा संबंध आलेला नव्हता. २००० साली डॉ. सॉलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे निष्कर्ष शोधनिबंधाद्वारे मांडले. एड्स हा अनैतिक वर्तनाचा आजार आहे, या रूढ समजुतीला त्यामुळे तडा गेला. या स्त्रियांच्या बाबतीत विवाह हाच संसर्गाचा मार्ग ठरला होता. पतीच्या मृत्यूनंतर दोष मात्र त्यांच्याच माथी येई. अनेकींना सासरहून बाहेर काढले जाई, मालमत्तेतील हिस्सा नाकारला जाई.

गर्भवती महिलांचा प्रश्न तितकाच गंभीर होता. कोणतेही उपचार न केल्यास बाधित आईकडून बाळाला संसर्ग होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते. गरोदरपणात व स्तनपानाच्या काळात औषधे दिल्यास ते पाच टक्क्यांखाली आणता येते. वेळेवर केलेली एक चाचणी किती महत्त्वाची ठरू शकते, हे या आकड्यांवरून दिसते.

औषधे आली, पण परवडत नव्हती

१९९६ सालापासून तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली. विषाणूच्या वाढीतील वेगवेगळे टप्पे ही औषधे रोखतात. एकच औषध दिले तर सतत बदलणारा विषाणू त्याला दाद देईनासा होतो. एकाच वेळी तिन्ही औषधांतून निसटणे मात्र त्याला फार अवघड जाते. पाश्चात्त्य देशांत या उपचारांमुळे मृत्यूंची संख्या झपाट्याने घटली. तथापि, वर्षाला दहा हजार डॉलरहून अधिक खर्च असलेले हे उपचार भारतातील सामान्य रुग्णाच्या आवाक्याबाहेर होते. त्या वर्षांत संस्थेत येणाऱ्या बहुतेक रुग्णांना डॉक्टर संधिसाधू आजारांवरील औषधे आणि धीर देऊ शकत होते. मूळ विषाणूवरील औषध अस्तित्वात असूनही ते देता येत नव्हते.

२००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा एकत्रित उपचार वर्षाला ३५० डॉलर इतक्या कमी दरात देण्याची तयारी दर्शवली आणि जगभरातील किमतींवर त्याचा परिणाम झाला. १ एप्रिल २००४ पासून केंद्र सरकारने निवडक सरकारी रुग्णालयांत ही औषधे मोफत देण्यास प्रारंभ केला. मुंबईचे जे. जे. रुग्णालय आणि चेन्नईजवळील तांबरम येथील छातीच्या विकारांचे सरकारी रुग्णालय यांचा त्यात समावेश होता. भारतीय रुग्णांमध्ये ही स्वस्त औषधे कितपत परिणामकारक ठरतात आणि त्यांचे दुष्परिणाम कोणते, याविषयीची प्रारंभीची महत्त्वाची माहिती वाय. आर. जी. केअरच्या नोंदींतून उपलब्ध झाली.

संस्थेचा सहभाग असलेल्या आणखी एका संशोधनाने उपचारांची दिशा बदलली. नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांवर हा अभ्यास करण्यात आला. प्रत्येक जोडप्यात एक जण बाधित आणि दुसरा निरोगी होता. भारतातील केंद्रे चेन्नई आणि पुणे येथे होती. पुण्यात राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने हे काम पाहिले. बाधित जोडीदाराला लवकर औषधे सुरू केल्यास दुसऱ्याला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांतून दिसून आले. रुग्णावरील उपचार हाच समाजासाठी प्रतिबंध ठरतो, हे त्यामुळे सिद्ध झाले. भारतात २०१७ पासून निदान होताच उपचार सुरू करण्याचे धोरण लागू झाले. रक्तातील विषाणूचे प्रमाण औषधांमुळे चाचणीतही न दिसण्याइतके खाली राहिले, तर त्या व्यक्तीकडून लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही, हे आता जगभर मान्य झाले आहे. पेशींच्या डीएनएमध्ये दडलेला विषाणू मात्र औषधांनी नाहीसा होत नाही. त्यामुळे औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात.

विवाह जुळवणाऱ्या डॉक्टर

औषधांमुळे आयुष्य वाढले, तसे नवे प्रश्न उभे राहिले. तरुण रुग्णांवर घरून लग्नाचा दबाव येई. आजार लपवून निरोगी व्यक्तीशी विवाह केल्यास तिला संसर्ग होण्याची भीती, आणि कारण सांगितल्यास बदनामीची. डॉ. सॉलोमन यांनी यावर वेगळाच मार्ग शोधला. बाधित तरुण-तरुणींचे परस्परांशी विवाह जुळवण्यास त्यांनी सुरुवात केली. स्थळ पाहताना शिक्षण, भाषा आणि कुटुंबाची पार्श्वभूमी यांच्याबरोबर त्या दोघांच्या सीडी-४ पेशींची संख्या आणि प्रकृतीही पाहत. एखाद्याला आपल्या जोडीदाराला फार लवकर गमवावे लागू नये, हा त्यामागील हेतू होता. योग्य औषधोपचार घेतल्यास अशा दांपत्यांना निरोगी मूल होऊ शकते, हेही त्या समजावून सांगत. त्यांच्या या कार्यावरील लव्हसिक हा माहितीपट २०१७ साली प्रदर्शित झाला.

२००६ साली डॉ. व्हिक्टर सॉलोमन यांचे निधन झाले. त्यांचे चिरंजीव डॉ. सुनील सॉलोमन हे साथरोगतज्ज्ञ असून अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाशी संबंधित आहेत. डॉ. सुनीती यांनी वयाच्या सत्तरीनंतरही रुग्ण तपासणे चालू ठेवले. २००९ साली केंद्र सरकारच्या राष्ट्रीय महिला जैवशास्त्रज्ञ पुरस्काराने त्यांचा सन्मान झाला. स्वादुपिंडाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाल्यानंतर २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली.

सहा नमुन्यांनंतर

१९८६ सालच्या त्या निष्कर्षानंतर देशाने रक्तपेढ्यांतील तपासणी, सर्वेक्षण आणि जनजागृती यांची व्यवस्था उभारली. १९९२ साली राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन झाली. तमिळनाडूने १९९४ साली यासाठी स्वतंत्र राज्य संस्था सुरू केली. शतकाच्या आरंभी भारतातील बाधितांची संख्या पन्नास लाखांहून अधिक असल्याचा अंदाज होता. अधिक व्यापक पाहणीनंतर २००७ साली तो सुमारे पंचवीस लाखांवर आणण्यात आला. अलीकडील अंदाजही त्याच्याच जवळपास आहे. प्रौढ लोकसंख्येत हे प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे. नव्या संसर्गांची आणि मृत्यूंची संख्या पूर्वीच्या तुलनेत बरीच घटली आहे. बाधितांची एकूण संख्या फारशी कमी न होण्याचे एक कारण म्हणजे पूर्वी काही वर्षांत दगावणारे रुग्ण आता औषधांमुळे दीर्घकाळ जगतात.

विषाणू शोधण्यासाठी चाचणी लागते, त्याला रोखण्यासाठी औषध लागते, आणि दोन्ही उपलब्ध असली तरी रुग्ण भीतीमुळे दाराशी आलाच नाही तर त्यांचा उपयोग होत नाही. डॉ. सॉलोमन यांच्या कार्यात या तिन्ही गोष्टींना सारखेच महत्त्व होते. आज सरकारी केंद्रांत चाचणी विनामूल्य होते, तिचा निकाल गुप्त ठेवण्याचे बंधन कायद्याने घातलेले आहे आणि औषधेही मोफत मिळतात. तरीही आपल्याला संसर्ग आहे हे ठाऊक नसलेले आणि लोक काय म्हणतील या धास्तीने तपासणी टाळणारे नागरिक देशात अजून आहेत. १९८६ साली या विषाणूचे अस्तित्व मान्य करणे देशाला जड गेले होते. त्या नागरिकांच्या बाबतीत ते काम आजही अपुरे आहे.